मेकॅनिकल घड्याळातली कॉम्प्लिकेशन्स: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मेकॅनिकल घड्याळांबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते सगळे इथे एका जागी करून ठेवतोय. सोपे आधी, डोकं खाणारे नंतर. तेच तेच दोनदा लिहायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा. एक गोष्ट वाचताना डोक्यात ठेवा: घड्याळ फक्त मोजतं, चाकांना दाते कापून आपण त्याला जेवढं शिकवलंय तेवढंच त्याला येतं. आपल्या घड्याळाला कुठपर्यंत येतं हे ज्याला माहीत असतं त्याच्या हातून ते सहसा बिघडत नाही.

१. कॉम्प्लिकेशन म्हणजे नक्की काय? नाव ऐकून बिघाड वाटतो.

बिघाडाशी काही संबंध नाही. तास, मिनिटं, सेकंद सोडून घड्याळ जे काही जास्तीचं दाखवतं किंवा वाजवतं त्याला कॉम्प्लिकेशन म्हणतात, साधी तारखेची खिडकीसुद्धा त्यात आली. जी स्प्रिंग तासकाटा फिरवते तीच बहुतेक वेळा तारीखही सरकवते आणि चंद्रही फिरवते, म्हणजे कामं वाढली तरी ताकद तेवढीच. टोले आणि अलार्म यांना मात्र बहुतेक करून स्वतःची वेगळी स्प्रिंग असते.

२. मग ऑटोमॅटिक घड्याळ म्हणजे कॉम्प्लिकेशन झालं का?

नाही. ऑटोमॅटिक ही चावी भरायची एक पद्धत आहे, तुमचा हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. दाखवत काहीच नाही. टूरबियाँबद्दलही असाच वाद आहे, तो प्रश्न २१ मध्ये.

३. माझ्या घड्याळात तारीख दुपारी १२ ला बदलते. परत करू का?

थांबा. घड्याळाला दिवस आणि रात्र कळत नाही, तासकाट्याच्या दोन फेऱ्या झाल्या की एक दिवस एवढंच त्याला माहीत. वेळ लावताना रात्रीचे १० लावायच्या ऐवजी सकाळचे १० लागले असतील. क्राउन, म्हणजे बाजूची चावी, शेवटपर्यंत ओढा, काटे १२ तास पुढे फिरवा, झालं. मला येणाऱ्या 'तारीख बिघडली' तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच संपतात.

४. रात्री तारीख बदलू नका असं सगळे सांगतात, खरंच काही होतं का?

होतं. तारखेच्या रिंगला आतून ३१ दाते असतात. तिच्या शेजारी एक चाक २४ तासांत एक फेरी मारतं आणि त्याला एक छोटं बोट असतं. साधारण रात्री ९ च्या सुमारास हे बोट रिंगच्या दात्याला टेकायला लागतं, मग हळूहळू ढकलत मध्यरात्रीच्या आसपास तारीख पुढे टाकतं आणि ३ वाजेपर्यंत मोकळं होतं. या मधल्या वेळात तुम्ही क्राउनने तारीख झटपट पुढे नेली तर एकाच रिंगला दोन बाजूंनी जोर लागतो.

माझ्या एका जुन्या घड्याळात मी रात्री साडेअकराला तारीख पुढे ढकलली होती. बारीक 'कट्' असा आवाज आला आणि त्यानंतर तारीख तिथेच अडकली ती अडकलीच. उघडून भिंगाखाली बघितलं तर त्या बोटाचं टोक मोडून प्लेटवर पडलेलं, पापणीच्या केसाएवढं. ते एवढंसं टोक सापडलं नसतं आणि चाकांत गेलं असतं तर घड्याळच बंद पडलं असतं.

म्हणून सवय अशी लावा की आधी काटे फिरवून साडेसहावर आणायचे, मग तारीख लावायची आणि शेवटी वेळ. साडेसहाला दोन्ही काटे खाली असतात, सकाळ असो की संध्याकाळ, बोट रिंगपासून लांबच असतं. काही नव्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रात, यापासून संरक्षण असतं पण आपल्यात आहे की नाही याची खात्री नसेल तर नाही असंच धरून चाला.

५. तारीख बरोबर १२ ला का उडत नाही? माझी सव्वाबाराला बदलते.

पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे चालतं. काही मूव्हमेंट तारीख सरकवत सरकवत बदलतात, काहींमध्ये एक स्प्रिंग ताणून धरलेली असते आणि १२ ला ती सुटते, तिथे तारीख टचकन उडते. दोन-दोन तासांचा फरक असेल तर काटे काढून परत बसवताना चुकलेत.

६. साधं कॅलेंडर, अ‍ॅन्युअल आणि पर्पेच्युअल यात फरक काय?

साध्या तारखेला प्रत्येक महिना ३१ चा वाटतो, त्यामुळे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपला की असं वर्षातून ५ वेळा हाताने लावावं लागतं. अ‍ॅन्युअलला ३० आणि ३१ चे महिने कळतात पण फेब्रुवारी कळत नाही, तो बहुतेकदा ३० चाच समजतो, म्हणून वर्षातून एकदा, १ मार्चला, तारीख पुढे न्यायची. मनगटी घड्याळात हे पहिल्यांदा पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९९६ मध्ये आणलं, म्हणजे पर्पेच्युअलच्या खूप नंतर, पाटेकचंच पर्पेच्युअल मनगटी घड्याळ १९२५ चं आहे. पर्पेच्युअलला फेब्रुवारी आणि लीप वर्ष दोन्ही कळतं. माझं मत विचाराल तर रोज वापरायला अ‍ॅन्युअल उत्तम, वर्षातून एकदा हात लावायला काय जातंय, आणि दुरुस्तीही तुलनेने सोपी.

७. पर्पेच्युअलला लीप वर्ष कळतं तरी कसं? आत बॅटरी, चिप काहीच नाही.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. डायल काढली की खाली एक चाक दिसतं, चार वर्षांत एकच फेरी मारणारं. त्याच्या कडेला ४८ जागा असतात, एकेका महिन्याची एकेक. ३१ च्या महिन्याला कडा पूर्ण उंच, ३० च्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल खाच, आणि चारपैकी एका फेब्रुवारीची खाच किंचित कमी खोल, कारण तो २९ चा. हे एवढंसं 'किंचित' म्हणजे लीप वर्ष.

एक लांब तरफ असते, तिचं नाक या कडेवर टेकलेलं असतं. महिना जितका छोटा तितकं नाक खोल जातं, आणि नाक जितकं खोल तितकी महिनाअखेरीला तरफ तारखेचे जास्त दाते एका दमात ओढते. २८ फेब्रुवारीच्या रात्री ती २९, ३०, ३१ तिन्ही ओलांडून थेट १ वर नेते. हे एकदा हळूहळू हाताने फिरवून बघितलं की कळतं, चार वर्षांचं कॅलेंडर अक्षरशः एका चकतीच्या कडेवर कोरून ठेवलंय. काही मूव्हमेंटमध्ये ४८ च्या ऐवजी १२ जागांचं चाक असतं आणि फेब्रुवारीच्या जागी एक छोटा तुकडा दर वर्षी पाव फेरी फिरतो. तत्त्व तेच.

८. २१०० साली काय होणार?

बहुतेक सगळी पर्पेच्युअल चुकणार. ग्रेगोरियन कॅलेंडरमध्ये शतकाचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप, म्हणून २००० होतं आणि २१०० नसेल. ४८ महिन्यांच्या चाकाला हा नियम माहीत नाही, ते २८ फेब्रुवारी २१०० नंतर २९ दाखवणार. एकदा १ मार्चवर ढकललं की पुढे २२०० पर्यंत निवांत. ४०० वर्षांचा नियमसुद्धा ज्यात बसवलाय त्याला सेक्युलर पर्पेच्युअल म्हणतात, आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीने २०२४ मध्ये तसं एक मनगटी घड्याळ आणलं, त्यातलं एक चाक ४०० वर्षांत एक फेरी मारतं.

९. पर्पेच्युअल बंद पडलं किंवा चुकून एक दिवस पुढे गेलं तर?

बंद पडलं असेल आणि दोन-चार दिवसच झाले असतील तर चावी भरा, तारीख पुढे आणा. पुढे गेलं असेल तर बहुतेक घड्याळांत मागे आणता येत नाही. सोपा उपाय म्हणजे क्राउन ओढून घड्याळ थांबवायचं आणि खरी तारीख तिथे पोचेपर्यंत वाट बघायची. १९८५ च्या आयडब्ल्यूसी दा विंचीमध्ये कुर्ट क्लाउस यांनी सगळं कॅलेंडर एकाच क्राउनवर आणलं, पण तेही फक्त पुढेच जातं. १९९६ च्या उलिस नार्डिन पर्पेच्युअल लुडविगमध्ये पुढे-मागे दोन्ही करता येतं.

कडेला बुडालेली छोटी बटणं असतील तर सोबत मिळालेल्या काडीनेच दाबा, सुई किंवा पिन घसरली की घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर ओरखडा कायमचा. आणि प्रश्न ४ मधली वेळेची काळजी इथे दुप्पट लागू, कारण इथे बोटं जास्त, तरफा जास्त. घड्याळ फिरवत ठेवणारा वाइंडर मी एरवी कोणाला घ्यायला सांगत नाही, ऑटोमॅटिक पर्पेच्युअल असेल तर मात्र घ्या.

१०. मूनफेज कशासाठी आणि कितपत खरा?

दोन पौर्णिमांमधलं अंतर सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं असतं. साध्या मूनफेजमध्ये, म्हणजे डायलच्या खिडकीत चंद्राची कला दाखवणाऱ्या रचनेत, ५९ दात्यांची चकती, तिच्यावर दोन चंद्र, रोज एक दाता पुढे, म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. राहिली ४४ मिनिटं. ती दर महिन्याला साठत जातात आणि अडीच-पावणेतीन वर्षांत घड्याळाचा चंद्र एक दिवस पुढे गेलेला दिसतो. १३५ दात्यांची रचना असेल तर हीच चूक व्हायला साधारण १२२ वर्षं लागतात. उपयोग म्हणाल तर आज फारसा नाही, पण खिडकीतून खरी चंद्रकोर आणि मनगटावरची चंद्रकोर एकसारखी दिसते तेव्हा जे वाटतं त्यासाठी मी तो नेमाने लावून ठेवतो.

११. मूनफेज लावायचा कसा?

अंदाजाने कोर जुळवत बसू नका, चुकते. मागची पौर्णिमा कधी होती ते बघा. बटण दाबत चंद्र खिडकीच्या बरोबर मध्ये पूर्ण गोल आणा. मग पौर्णिमेपासून आजपर्यंत जेवढे दिवस झाले तेवढ्या वेळा दाबा. अमावास्येवरून लावायचा प्रयत्न टाळा, त्या दिवशी खिडकीत चंद्रच नसतो, मध्य कुठे आला ते कळत नाही.

१२. मी दक्षिण गोलार्धात राहतो, माझा चंद्र उलटा दिसतो. घड्याळ चुकतंय का?

तिथी बरोबर आहे, चित्र उत्तरेचं आहे. उत्तर गोलार्धात शुक्ल पक्षात चंद्राची उजवी बाजू उजळते, दक्षिणेत डावी. विषुववृत्ताजवळ तर कोर होडीसारखी आडवी दिसते. काही घड्याळांत दोन्ही गोलार्धांचे दोन चंद्र दाखवतात, नसतील तर पौर्णिमा-अमावास्येपुरता विश्वास ठेवा, मधली कोर मनातल्या मनात उलटी करा.

१३. क्रोनोग्राफ आणि क्रोनोमीटर एकच ना?

अजिबात नाही. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची परीक्षा पास झालेलं, त्यात स्टॉपवॉच असेलच असं नाही. स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेत मूव्हमेंट १५ दिवस, ५ स्थितींत आणि ३ तापमानांत तपासतात, आणि नेहमीच्या मनगटी मापाच्या मूव्हमेंटचा दिवसाचा सरासरी फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत असावा लागतो.

क्रोनोग्राफ या नावात 'लिहिणं' आहे कारण १८२१ मध्ये निकोला रियुसेकच्या यंत्राने घोड्यांच्या शर्यतीत डायलवर खरोखर शाईचा थेंब टाकला होता. त्याच्याही आधी, १८१६ मध्ये, लुई मोआनेने सेकंदाचा साठावा भाग मोजणारं यंत्र पूर्ण केलं होतं.

१४. नवीन क्रोनोग्राफ घेतला, मोठा सेकंदकाटा हलतच नाही.

हलायचाच नाही. मधला लांब काटा स्टॉपवॉचचा असतो, तुम्ही २ वाजण्याच्या जागेचं बटण दाबाल तेव्हा तो निघेल. चालू सेकंद एखाद्या छोट्या डायलमध्ये फिरत असतात, तिथे बघा. तेच बटण परत दाबलं की थांबतो, ४ च्या जागेचं दाबलं की शून्यावर. चालू असताना ४ चं बटण जोरात दाबू नका, त्याला अपवाद फक्त फ्लायबॅक, प्रश्न १६. आणि पाण्यात कुठलंच बटण दाबू नका, कंपनीने स्पष्ट चालतं म्हटलं असेल तरच.

१५. क्रोनोग्राफ सतत चालू ठेवला तर झिजतो का? कॉलम व्हील असलेलाच घ्यावा का?

हे मूव्हमेंट कुठली त्यावर आहे. आडव्या क्लचमध्ये स्टॉपवॉच सुरू होताना एक दातेरी चाक बाजूने येऊन दुसऱ्यात अडकतं, काटा सुरुवातीला किंचित उडी मारू शकतो, ताकद जास्त जाते आणि बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागेपुढे झुलत घड्याळाची चाल ठरवणाऱ्या चाकाचा, झोका कमी होतो. तो कायम चालू ठेवू नये. उभ्या क्लचमध्ये दोन चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, तिथे चालू ठेवला तरी विशेष फरक पडत नाही.

कॉलम व्हील (छोटे उभे खांब असलेलं चाक) आणि कॅम (ठरावीक आकारात कापलेला तुकडा) ही बटणाचा हुकूम आत पोचवायची दोन साधनं. कॉलम व्हीलचं बटण लोण्यासारखं दाबलं जातं, कॅमचं जरा कडक. पण १९७० च्या दशकात आलेली व्हॅलजू ७७५० ही मूव्हमेंट कॅमवरच चालते आणि जगात असंख्य क्रोनोग्राफ तिच्यावर आहेत, मजबूत आहे, कारागिराला पाठ असते. बोटाच्या सुखासाठी कॉलम व्हील जरूर घ्या, टिकाऊपणासाठी म्हणून जास्त पैसे मोजू नका.

१६. फ्लायबॅक आणि रॅट्रापाँत म्हणजे काय?

फ्लायबॅकमध्ये चालू स्टॉपवॉच एका दाबात शून्यावर येऊन लगेच पुन्हा निघतं. वैमानिकांना वेळ मोजून दिशा बदलताना थांबवा, शून्य करा, सुरू करा असे तीन दाब परवडत नव्हते. रॅट्रापाँतमध्ये दोन सेकंदकाटे एकावर एक असतात, एक थांबवून वेळ वाचायची तोवर दुसरा चालूच, मग परत दाबलं की थांबलेला धावत जाऊन त्याला गाठतो. थांबणाऱ्या काट्याचं चाक एक चिमटा धरून ठेवतो आणि तो जुळवणं फार नाजूक काम आहे, म्हणूनच ही घड्याळं इतकी महाग.

१७. कडेवरचे ४००, २०० असे आकडे कसले?

टॅकीमीटर. एक किलोमीटर सुरू होताना बटण दाबा, संपताना थांबवा, काटा ज्या आकड्यावर तो ताशी वेग. हिशोब सरळ आहे, ३६०० भागिले सेकंद, ४५ सेकंद लागले तर ताशी ८० किलोमीटर. एका मिनिटापेक्षा जास्त लागलं तर चालत नाही.

१८. जीएमटी आणि वर्ल्ड टाइमर यात कुठलं घ्यावं?

जीएमटीमध्ये एक जास्तीचा काटा २४ तासांत एक फेरी मारतो आणि दुसऱ्या देशाची वेळ दाखवतो. रोलेक्सने १९५० च्या दशकात पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी केलेल्या घड्याळामुळे हा प्रकार घरोघरी माहीत झाला. यात दोन जाती आहेत. एकीत नेहमीचा तासकाटा एकेक तास उडी मारतो आणि मिनिटं हलत नाहीत, विमानातून उतरलात की लगेच स्थानिक वेळ, प्रवास करणाऱ्याने हीच घ्यावी. दुसरीत २४ तासांचा काटा उडी मारतो, ती घरी बसून परदेशातल्या माणसाला फोन करणाऱ्यासाठी. विकत घेताना हे विचारून घ्या, नंतर लोक हळहळतात.

वर्ल्ड टाइमर २४ शहरांची वेळ एकाच वेळी दाखवतो, ही रचना लुई कोटिए यांनी १९३१ मध्ये केली. दिसायला फार सुंदर, पण उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशांचा हिशोब तुम्हालाच करावा लागतो.

१९. काही देशांचा फरक पूर्ण तासांचा नसतो, भारत साडेपाच, नेपाळ पावणेसहा. तिथे जीएमटी कसं चालणार?

पूर्णपणे चालत नाही, कारण मिनिटकाटा एकच. अर्ध्या तासाचा फरक असेल तर काटा पुढच्या पूर्ण तासावर लावा आणि वाचताना ३० मिनिटं वजा करा. समजा भारतात सकाळचे १० वाजून १० मिनिटं झालीत आणि हिवाळ्यातली लंडनची वेळ हवीय, काटा ५ च्या जरा पुढे असेल, ५:१० मधून ३० गेले, ४:४०. दोन दिवसांत सवय होते. फिरणारी कडा ४८ किंवा जास्त क्लिकची असेल तर अर्धा तास तिच्यावरच लावता येतो. अर्ध्या-पाऊण तासाचे विभागसुद्धा दाखवणारं घड्याळ वाशरॉन काँस्टँटँने २०११ मध्ये केलं, त्यात ३७ टाइम झोन आहेत.

२०. पॉवर रिझर्व्हचा काटा खरंच लागतो का?

रोज हाताने चावी द्यायच्या घड्याळात लागतो, स्प्रिंग संपत आली की बॅलन्सचा झोका कमी होतो आणि वेळ बिघडायला लागते, ते आधीच कळतं. रोज घातल्या जाणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये तो नसला तरी काही अडत नाही.

२१. टूरबियाँ असलं की घड्याळ जास्त अचूक का?

अब्राहम-लुई ब्रेगेला १८०१ मध्ये याचं पेटंट मिळालं. तेव्हाची घड्याळं खिशात उभी राहायची, गुरुत्वाकर्षणाची चूक कायम एकाच बाजूला साठायची. त्याने बॅलन्स आणि एस्केपमेंट (स्प्रिंगची ताकद टिक-टिक करत थोडी थोडी सोडणारा भाग) एका पिंजऱ्यात बसवून अख्खा पिंजरा फिरवला, आता बहुतेक ठिकाणी मिनिटाला एक फेरी असते, म्हणजे चुका सगळ्या दिशांना वाटल्या जातात. मनगट मात्र दिवसभर हलतच असतं, त्यामुळे तिथे फायदा थोडा, आणि नीट जुळवलेलं साधं घड्याळ त्याच्या बरोबरीने चालतं. तो काही दाखवत नाही म्हणून जुनी मंडळी त्याला कॉम्प्लिकेशनमध्ये धरत नाहीत. पिंजऱ्याचं वजन बऱ्याचदा एका ग्रॅमपेक्षाही कमी असतं, तो हाताने घासून बसवणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

२२. मिनिट रिपीटर दाबला आणि एकच टोला पडला. बिघडला का?

एक वाजला होता का? मग बरोबर आहे. रिपीटर म्हणजे दाबलं की टोल्यांनी वेळ सांगणारं घड्याळ, ते आधी तास जाड आवाजात मोजतं, मग पाव तास 'डिंग-डाँग' जोडीने आणि शेवटी उरलेली मिनिटं बारीक आवाजात. बरोबर १:०० ला पाव तासही नाही, मिनिटंही नाहीत, एकच टोला. सगळ्यात लांब १२:५९, १२ तास, ३ जोड्या म्हणजे ६, आणि १४ मिनिटं, एकूण ३२ टोले. १०:०२ सारख्या वेळी तास आणि मिनिटांच्या मध्ये शांत जागा पडते, तीही ठीकच, पाव तासाच्या जोड्या तिथे वाजल्या असत्या.

विजेचे दिवे नसताना अंधारात वेळ कळावी म्हणून हे जन्मलं, १६८७ मध्ये इंग्लंडच्या राजाने रिपीटरच्या वादात डॅनियल क्वेअर या घड्याळजीच्या बाजूने कौल दिला होता. दोन गोष्टी सांभाळा: टोले वाजत असताना काटे फिरवू नका, आणि रिपीटर चालू करायची सरकपट्टी अर्धवट सोडू नका, शेवटपर्यंत नेऊनच सोडा.

२३. इक्वेशन ऑफ टाइम कोणाला लागतं?

सूर्य डोक्यावर आला की १२ असं आपण धरतो, पण सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो घड्याळाच्या साधारण १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यात १४ मिनिटं मागे, आणि वर्षातून चारदा दोघं जुळतात. हा फरक म्हणजेच इक्वेशन ऑफ टाइम, आणि तो राजम्याच्या दाण्यासारख्या वाकड्या कॅमवर कापलेला असतो. लोक प्रयोग करतात आणि जुळत नाही म्हणून लिहितात, त्यांनी एक विसरलेलं असतं: आपल्या टाइम झोनच्या रेखांशापासून आपण जितके अंश लांब तितकी दर अंशाला ४ मिनिटं वेगळी धरावी लागतात.

२४. जुनं कॉम्प्लिकेशन घड्याळ विकत घेताना काय तपासू?

दुकानात घाई करू नका, बसा. काटे हळूहळू पुढे फिरवून तारीख, वार, महिना एकत्र बदलतात का बघा. पर्पेच्युअल असेल तर विक्रेत्याला २८ फेब्रुवारी आणि लीप वर्षाची २९ फेब्रुवारी दोन्ही ओलांडून दाखवायला सांगा. क्रोनोग्राफ पाच-सहा वेळा चालू-बंद-शून्य करा, काटा दर वेळी अगदी १२ वर यायला हवा, एकदा अर्धा सेकंद इकडे आणि एकदा तिकडे असं होत असेल तर काटा शून्यावर आणणाऱ्या आतल्या हातोडीची किंवा काट्याची पकड ढिली आहे. मग स्टॉपवॉच अर्धा तास चालू ठेवून छोट्या डायलचा मिनिटकाटा नेमाने सरकतो का बघा, या गोष्टी पाच मिनिटांत दिसत नाहीत. रिपीटर असेल तर १२:५९ ला वाजवून ३२ टोले मोजा. शेवटची सर्व्हिस कोणी केली आणि ते काम करणारा माणूस अजून करतोय का हेही विचारा, कारण कॅलेंडरच्या तुटलेल्या तरफेचा सुटा भाग मिळाला नाही तर तो कोणीतरी हाताने बनवावा लागतो.